चाकामागचा माणूस आणि कायदा

वाहतुकीचे नियम मोडले म्हणजे काय शिक्षा होते, हे सांगावयास एखादा वकील बोलवावयाचा सोडून संघटनेच्या माणसाला कशाला बोलावले, असे आपल्यापैकी काही जणांच्या मनात आले असेल. शंका रास्त आहे. आमची शाळा सातवीतच सुटली. कायदा आम्ही शिकलो तो कोर्टाच्या व्हरांड्यात बसून, कोणा ड्रायव्हरच्या जामिनासाठी, कोणाच्या अडकलेल्या लायसनसाठी, तर कोणाच्या तारखेसाठी. वकिलाला कायदा जसा वरून दिसतो तसा तो आम्हांला दिसला नाही. ज्याच्या अंगावर तो पडतो त्याच्या बाजूने आम्ही तो पाहिला. त्या बाजूने पाहिलेला इतिहासही एकदा सांगितला जावा, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

आपले सोलापूर हे रस्त्यांचे गाव आहे. पुण्याहून हैदराबादेस जाणारा मार्ग येथूनच जातो, विजापूरची वाट येथूनच फुटते, तुळजापूरकडून मराठवाडा येथेच उतरतो. गिरण्यांचे भोंगे बंद झाले, तेव्हा हातातला धोटा टाकून कितीतरी सोबत्यांनी रिक्षाचे हँडल धरले, कितीतरी पोरे ट्रकवर क्लीनर म्हणून चढली. एमएच 13 अशी पाटी लावलेली गाडी दिसली की तीत आपल्याच एखाद्या पेठेतला मुलगा असणार, असे समजून चालावयास हरकत नाही. तेव्हा हा विषय परक्याचा नव्हे.

मोटार येण्याच्या आधीही रस्ता होता आणि रस्त्यावर शिक्षाही होती. सोलापुरास आगगाडी आली ती 1860 साली. हिंदुस्थानचा दंडसंहितेचा कायदाही 1860 चाच. त्यातले कलम 279 हे बेदरकारपणे गाडी हाकण्याबद्दलचे. ते लिहिले गेले तेव्हा रस्त्यावर बैलगाडी, टांगा आणि घोडेस्वार एवढीच वाहतूक होती. शिक्षा होती सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या काळी स्टेशनावरच्या टांगेवाल्याने टांगा, घोडे आणि राहते घर विकले असते तरी हजार रुपये उभे राहिले नसते. म्हणजे दंडाचा आकडा खरोखर भीती घालणारा होता. आता गंमत पाहा. 2024 साली जुनी दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आणि 279 चे 281 झाले. पण शिक्षा तीच राहिली, सहा महिने आणि हजार रुपये. एकशे चौसष्ट वर्षांत रुपया कोठल्या कोठे गेला, हजार रुपये मात्र जागचे हलले नाहीत.

माणूस मेला तर काय, याचे उत्तर 1870 साली आले. त्या वर्षी दंडसंहितेत 304-अ हे कलम घालण्यात आले. बेदरकारपणाने किंवा हयगयीने मृत्यू घडवून आणला, पण तो सदोष मनुष्यवध नसेल, तर दोन वर्षांपर्यंत कैद. पुढे दीडशे वर्षे रस्त्यावरच्या बहुतेक मृत्यूंचा हिशेब याच एका कलमाखाली झाला. ड्रायव्हर मंडळींच्या तोंडी 'तीनशे चार अ' हा शब्द देवाच्या नावाइतका पाठ असे. 1902 साली मुंबईच्या हायकोर्टात सर लॉरेन्स जेंकिन्स यांनी या कलमाचा अर्थ लावून दिला. मृत्यू हा आरोपीच्या हयगयीचा प्रत्यक्ष परिणाम असला पाहिजे, मध्ये दुसऱ्या कोणाची हयगय येऊन पडलेली नसावी, असे त्यांनी सांगितले. हा निकाल आजही वाचला जातो. परंतु तो वाचताना एक प्रश्न आमच्या मनातून जात नाही. चाक हातात असणे एवढेच प्रत्यक्ष कारण काय? ज्याने अठरा तास झोपू दिले नाही तो कारणाच्या आत येतो की बाहेर राहतो?

1914 साली सबंध हिंदुस्थानासाठी पहिला मोटार कायदा झाला. तेव्हा मोटार म्हणजे साहेबाची, नाहीतर संस्थानिकाची. 1939 साली जो मोठा कायदा झाला, त्याने मात्र मोटार हा धंदा आहे हे ओळखले. परमिट आले, वेगमर्यादा आली, विम्याची सक्ती आली, आणि ड्रायव्हरने किती तास गाडी हाकावी यालाही बंधन आले. विम्याच्या सक्तीचा अंमल 1946 पासून झाला. 1948 च्या 1 जून रोजी एसटीची पहिली गाडी पुणे व अहमदनगर यांच्या दरम्यान धावली आणि खेड्यापाड्यांतला माणूस मोटारीत बसू लागला. 1956 च्या दुरुस्तीने अपघाताच्या भरपाईसाठी निराळी न्यायाधिकरणे निघाली.

येथे जरा थांबून पाहिले पाहिजे, कारण इतिहासाचे वळण येथेच आहे. विमा आला म्हणजे काय झाले? पैशाचा भार मालकावरून विमा कंपनीवर गेला आणि कंपनीने तो सगळ्या गाडीवाल्यांच्या हप्त्यांतून वाटून घेतला. हे चांगलेच झाले, कारण मेलेल्याच्या बायकामुलांना काही मिळू लागले. परंतु भरपाई वाटून घेता येते, तुरुंग वाटून घेता येत नाही. पैशाची जबाबदारी जसजशी वर सरकत गेली, तसतशी शिक्षेची जबाबदारी खाली, एकट्या ड्रायव्हरपाशी येऊन साचली. अपघातानंतर मालकाचे काम विम्याचे कागद भरण्याचे. ड्रायव्हरच्या मागे मात्र तीन दरवाजे लागतात. फौजदारी कोर्टाचा एक, लायसन अडकते तो आरटीओचा दुसरा, आणि नोकरी जाते तो तिसरा. कोर्टातून निर्दोष सुटला तरी उरलेले दोन दरवाजे आपोआप उघडतातच असे नाही.

कायदा मालकाला विसरला होता काय? नव्हता. हेच आज आम्हांला मुख्यतः सांगावयाचे आहे. 1961 साली मोटार वाहतूक कामगार कायदा झाला. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक धंद्याला तो लागू होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, लांब पल्ल्यासाठी थोडी सवलत, मध्ये विश्रांती, आठवड्याची सुट्टी, सगळे त्यात लिहिले होते. 2020 साली तो नव्या व्यवसाय सुरक्षा संहितेत सामावून घेण्यात आला. कागदावर कायदा सुरेख, पण 'पाच कामगार' हा शब्द धंद्याने केव्हाच ओळखला होता. एक गाडी स्वतःच्या नावावर, दुसरी बायकोच्या, तिसरी मेहुण्याच्या. हप्त्याचे पैसे एकाच गल्ल्यातून जातात, पण कागदावर पाच कामगार कधी भरतच नाहीत.

1988 साली नवा मोटार वाहन कायदा झाला व 1989 च्या 1 जुलैपासून अमलात आला. त्यातली दोन कलमे आपण नीट ऐकावीत. पहिले 194, जादा मालाचे. त्यात जशी गाडी चालविणाऱ्याला शिक्षा आहे, तशीच ती चालवावयास लावणाऱ्यालाही आहे. दुसरे 183, वेगाचे. त्यात जे लिहिले आहे ते प्रथम वाचले तेव्हा आम्ही चष्मा पुसून पुन्हा वाचले. एखादे वेळापत्रक किंवा एखादा हुकूम वेगमर्यादा मोडल्यावाचून पाळताच येणार नाही असे कोर्टाचे मत झाले, तर ते वेळापत्रक काढणारा किंवा तो हुकूम देणारा हाच गुन्हेगार असल्याचा तो प्रथमदर्शनी पुरावा समजावा, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे 'पहाटे पाचला गाडी मार्केट यार्डात लागली पाहिजे, नाहीतर भाडे कापतो' हे वाक्य कायद्याच्या दृष्टीने गुन्ह्याचा पुरावा होऊ शकते! परंतु हे कलम लावलेला खटला आमच्या वाट्याला एकदाही आला नाही. आणि खरे बोलावयाचे तर तो मागण्याचे आम्हांलाही सुचले नाही.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो. ती सांगितल्यावाचून हा इतिहास पुरा होणार नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेचा एक ड्रायव्हर कांद्याची गाडी घेऊन यार्डातून निघाला. पासिंग दहा टनांचे, माल पंधराच्या घरात. आदल्या दिवशी तो एक खेप करून आला होता, झोप झालेली नव्हती, आणि तो थोडा प्यालेलाही होता. गावाबाहेर त्याने एका सायकलवाल्याला उडविले. माणूस जागच्या जागी गेला. ड्रायव्हर पळाला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या कचेरीत येऊन उभा राहिला. आम्ही त्याला पोलिसांत हजर केले, वकील दिला, जामीनदार दिला. संघटनेचे ते कामच आहे. खटला नऊ वर्षे चालला. पंचनाम्यावर सही करणारे पंच तारखेला येत ना, आले तर काही आठवत नाही म्हणत. ड्रायव्हर सुटला. त्या संध्याकाळी आमच्या कचेरीत पेढे वाटले गेले.

ज्या दिवशी निकाल लागला त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात एक बाई बसली होती. मेलेल्या माणसाची ती बायको. ती विडी वळणारी. आमच्याच विडी कामगार युनियनची सभासद, मोर्चात पुढे चालणारी. तिने आम्हांला ओळखले आणि विचारले, "अण्णा, तुम्ही माझ्या बाजूचे का त्याच्या बाजूचे?"

आम्ही तिला उत्तर दिले नाही. आजही आमच्यापाशी पुरते उत्तर नाही. परंतु त्या प्रश्नापासून आमचे वाचन बदलले. आम्ही त्या खटल्याचे कागद पुन्हा काढून पाहिले. गाडीचा वेग किती, ब्रेकच्या खुणा किती फूट, उजेड होता की नव्हता, सगळे त्यात होते. ड्रायव्हर किती तासांपासून चाकावर आहे, हे कोठेच नव्हते. काटा पावती जोडलेली नव्हती. माल कोणाचा, वेळ कोणी ठरविली, त्या रात्री फोन कोणी केला, हे कोणी विचारलेच नव्हते. सरकारी बाजूने विचारले नाही, कारण तिला आरोपी मिळाला होता. आम्ही विचारले नाही, कारण आम्हांला आरोपी सोडवावयाचा होता. आणि मालक त्या नऊ वर्षांत साक्षीदार म्हणूनसुद्धा कोर्टाची पायरी चढला नाही.

हा एकाच खटल्याचा दोष नव्हे. 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. त्यांतली शंभरातली चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची आणि एकोणीसहून अधिक पायी चालणारी होती. म्हणजे मरणारा बहुतकरून आपल्यासारखाच कोणीतरी. सरकारी अहवालात सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण अतिवेग असे दिले आहे. ते खोटे नाही. पण वेगालाही कारण असते. आमच्या जिल्ह्यात उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर रात्री रस्त्यावर येतो, मागे दिवा नसतो, लाल परावर्तकही नसतो. तो चालविणाऱ्याची कमाई खेपेवर. जितक्या खेपा तितके पैसे, आणि हंगामाच्या आधी घेतलेली उचल त्यातूनच फिटावयाची. त्याला सावकाश जा म्हणून सांगणे म्हणजे आज कमी जेव म्हणून सांगणे आहे.

न्यायालयांनी दोन्ही बाजू पाहिल्या, हेही सांगितले पाहिजे. 1979 साली कर्नाटकातील एका बसचालकाच्या खटल्यात, ज्यात एक लहान मूल गेले होते, सुप्रीम कोर्टाने म्हटले की अपघात झाला एवढ्यावरून फौजदारी गुन्हा सिद्ध होत नाही. हयगय पुराव्याने दाखविली पाहिजे. उलट 2000 साली दलबीरसिंग याच्या खटल्यात त्याच कोर्टाने बजावले की माणूस मारणाऱ्या ड्रायव्हरला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची सवलत देऊ नये, धंदेवाईक ड्रायव्हरच्या मनात शिक्षेचे भय सदैव असले पाहिजे. 2006 च्या नोव्हेंबरात वांद्र्याच्या कार्टर रोडवर प्यालेल्या तरुणाच्या मोटारीखाली फुटपाथवर झोपलेले सात मजूर मेले. खालच्या कोर्टाने सहा महिने दिले. हायकोर्टाने गुन्हा हयगयीचा नसून सदोष मनुष्यवधाचा ठरवून तीन वर्षे दिली, आणि 2012 साली सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. सात जिवांना तीन वर्षे. पुढे 2024 च्या मे महिन्यात पुण्याच्या कल्याणीनगरात एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीने दोघांचा जीव घेतला, तेव्हा जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. लोक खवळले, तेव्हा तो हुकूम फिरला. आमच्या ट्रकवरच्या पोराला असा निबंध लिहावयास सांगितल्याचे आम्हांला आठवत नाही.

दंडाचा इतिहासही असाच. 2019 च्या दुरुस्तीने दंड एकदम वाढले. लायसनवाचून गाडी चालविल्यास पाचशेचे पाच हजार झाले. दारू पिऊन चालविल्यास पहिल्या वेळी दहा हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जादा मालासाठी वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. महाराष्ट्रात प्रथम अंमल थांबविला गेला आणि 2021 च्या डिसेंबरात नवे दंड लागू झाले. दारूचा दंड वाढला याबद्दल आम्हांला काडीचीही तक्रार नाही. परंतु जादा मालाच्या चलनाचे पैसे धंद्यात पुष्कळदा ड्रायव्हरच्या भत्त्यातून कापले जातात. मालाचा नफा मालकाचा आणि दंड नोकराचा, हा हिशेब कोणत्याही कलमात लिहिलेला नाही, तरी तो चालतो.

या सगळ्याचा स्फोट 2024 च्या 1 जानेवारीस झाला. नव्या न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये दोन भाग होते. पहिल्याने हयगयीने झालेल्या मृत्यूची शिक्षा दोनावरून पाच वर्षांपर्यंत नेली. दुसऱ्याने सांगितले की बेदरकारपणे गाडी चालवून माणूस मारला आणि लगेच पोलिसांना वा मॅजिस्ट्रेटला न कळविता पळून गेला, तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड. देशभर गाड्या उभ्या राहिल्या. मनमाडजवळच्या पानेवाडीतून टँकर निघेनात, पंपांवर रांगा लागल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, चर्चा केल्यावाचून हे कलम लागू करणार नाही असे केंद्र सरकारने आश्वासन दिले, आणि 1 जुलै 2024 रोजी संहिता अमलात आली ती 106 चा दुसरा भाग वगळून.

त्या दोन दिवसांत आम्ही चौकाचौकांत उभे होतो. सात लाखांचा दंड आहे असे ड्रायव्हर एकमेकांना सांगत होते. कलमात असा आकडा नव्हता. थांबलो तरी दहा वर्षे, असेही ते समजत होते. तसेही नव्हते, पोलिसांना जाऊन सांगणाऱ्याला तो दुसरा भाग लागत नव्हता. हे आम्ही समजावून सांगत होतो, तेव्हा एक वयस्क ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, कलम तुम्ही वाचलंय, जमाव आम्ही पाहिलाय." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. 1988 च्या कायद्यातले 134 वे कलमच सांगते की ड्रायव्हरने जखमीला दवाखान्यात न्यावे, पण जमावाच्या प्रक्षोभामुळे वा आपल्या हाताबाहेरच्या कारणामुळे ते शक्य नसेल तर गोष्ट निराळी. म्हणजे जमाव मारतो हे कायद्यालाही ठाऊक आहे. पण त्याच विडीवाल्या बाईचा नवरा रस्त्यावर पडला तेव्हा त्याच्याजवळ कोणी थांबले असते तर, हा विचारही मनातून जात नाही. पळण्याला कारण असते. म्हणून पळणे योग्य ठरत नाही.

तेव्हा आम्ही काय करावयाचे ठरविले ते सांगून संपवितो. सभासदाने अपघात केला तर पहिला फोन संघटनेला नव्हे, रुग्णवाहिकेला आणि पोलीस ठाण्याला. जमावाची भीती असेल तर गाडी सोडून थेट ठाणे गाठावे; ते पळणे नव्हे. दारू पिऊन चाकावर बसलेल्याला जामीन मिळवून देऊ, कारण तो त्याचा हक्क आहे, पण त्याच्या सुटकेचे पेढे आमच्या कचेरीत वाटले जाणार नाहीत. आणि प्रत्येक खटल्यात आमचा वकील तीन कागद मागेल. काटा पावती, चाकावरच्या तासांचा हिशेब, आणि माल केव्हा पोहोचवावयाचा हा हुकूम कोणी दिला त्याची नोंद. कलम 183 आणि कलम 194 यांत जे लिहिले आहे ते कोर्टापुढे मांडले जाईल. मिळेल की नाही ते पुढे पाहू.

आपल्याकडे, श्रोत्यांकडे, एवढेच मागणे आहे की रस्त्यावर अपघात दिसला तर प्रथम जखमीला उचलावे आणि ड्रायव्हरला पोलिसांच्या हाती द्यावे, हात टाकू नये. जखमीला नेणाऱ्याला खटल्याच्या भानगडीत ओढू नये, असे संरक्षण 2019 पासून कायद्यातच आले आहे. आणि आपल्यापैकी ज्यांचा माल ट्रकने जातो, त्यांनी पुढच्या वेळी गाडी किती वाजता पोहोचेल हे विचारताना ड्रायव्हर केव्हा झोपला हेही विचारावे.

ती बाई अजून विड्या वळते. मागच्या महिन्यात वर्गणी भरावयास कचेरीत आली होती. या वेळी तिने काही विचारले नाही. आम्हीच तिला सांगितले की पुढच्या खटल्यात मालकाला साक्षीला बोलावणार आहोत. तिने पावती घडी करून कनवटीला खोचली आणि म्हणाली, "बोलवा, अण्णा. मी पण येऊन बसते."